घर आपलं, पत्ता शहराचा

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या टेबलावर घरपट्टीची दोन बिलं शेजारी शेजारी पडली होती. एक माझं, एक माझ्या लेकीचं. माझं घर जुन्या मोहल्ल्यात. अब्बांनी ते १९६८ साली बांधलं. स्टेशन चालत दहा मिनिटं, दवाखाना हाकेच्या अंतरावर, नळाला रोज पाणी. लेकीने लग्नानंतर शहराच्या टोकाला, नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घर घेतलं. क्षेत्रफळ माझ्या घराएवढंच, उलट हातभर कमी. तिथून स्टेशन गाठायचं तर दोन रिक्षा आणि पाऊण तास. आठवड्यातून दोनदा टँकर बोलवावा लागतो. आणि तिची घरपट्टी माझ्या जवळजवळ चौपट!

ती म्हणाली, ‘‘अब्बा, पाणी तुम्हाला, रस्ता तुम्हाला, स्टेशन तुम्हाला. मग जास्त पैसे मी का भरायचे?’’

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. हिशेबाचा आणि माझा संबंध किराण्याच्या वहीपुरता. पण तिच्या प्रश्नाला उत्तर देता येईना, म्हणून मी या विषयाच्या मागे लागलो. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी घरपट्टी ठरते कशी ते पाहू. ठाणे महानगरपालिका १९८२ साली झाली, कल्याणची १९८३ साली. दोन्हींकडे घरपट्टीचा पाया एकच आहे, करयोग्य मूल्य. कायदा असं विचारतो की, हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती वाजवी भाडं येईल? तुम्ही स्वतः त्यात राहत असलात तरी प्रश्न हाच. समजा, भाडं महिना हजार रुपये धरलं. वर्षाचे झाले बारा हजार. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा. उरले दहा हजार आठशे. हे तुमचं करयोग्य मूल्य. या रकमेवर मग टक्केवारीने कर बसतात. सामान्य कर, पाण्याचा, मलनिःसारणाचा, अग्निशमनाचा, वृक्षांचा. शिवाय राज्य सरकारचा शिक्षण उपकर. तो १९६२ च्या कायद्याने आला. महापालिका तो गोळा करते, पण तो सरकारकडे जातो.

इथवर सगळं सरळ आहे. गोम आहे ती ‘वाजवी भाडं’ या दोन शब्दांत. वाजवी म्हणजे कोणत्या वर्षीचं?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबई इलाख्यात घरांची टंचाई होती. भाडेकरूंना संरक्षण म्हणून १९४७ साली भाडेनियंत्रण कायदा झाला. त्यात ‘प्रमाण भाडं’ ही कल्पना होती. जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं त्यावर जवळपास खिळून राहिलं. हेतू चांगलाच होता. किती कुटुंबं त्या कायद्यामुळे रस्त्यावर येण्यापासून वाचली! पण त्याचा एक धागा घरपट्टीत येऊन अडकला. मालकाला कायद्याने जास्त भाडं घेताच येत नसेल, तर त्याहून जास्त भाडं धरून कर लावता येईल का? १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलत राय कपूर यांच्या खटल्यात सांगितलं, नाही. करासाठी धरायचं मूल्य प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. खटला दिल्लीचा होता, पण भाडेनियंत्रण असलेल्या सगळ्याच शहरांना त्याचा अर्थ कळला.

परिणाम काय झाला? ज्या साली घराची पहिल्यांदा आकारणी झाली, ते साल त्या घराच्या कपाळावर लिहिल्यासारखं झालं. भोवतीचं शहर दहापट वाढलं, समोरचा कच्चा रस्ता काँक्रीटचा झाला, तरी कर जुन्याच आकड्यावर. आकारणीची नवी वही निदान दर चार वर्षांनी करावी, असं महापालिकांचे नियम सांगतात. पण प्रत्यक्षात नवे भाडेदर बहुतेक वेळा लागतात ते नव्या इमारतींना. जुन्यांना हात लावायचा म्हणजे मोर्चा ओढवून घ्यायचा. एवढं धाडस कोण करणार?

म्हणजे आपल्या घरपट्टीत जागेपेक्षा साल मोठं झालं. घर कुठे आहे याला किंमत कमी, ते कधी बांधलं याला जास्त. माझं घर १९६८ चं म्हणून स्वस्त, लेकीचं नवं म्हणून महाग. एका शहरात दोन नागरिक, आणि उशिरा आला त्याने जास्त भरायचं. जणू उशिरा जन्मल्याचा दंड.

जकात होती तोवर हे खपून गेलं. तिजोरी जकातीने भरायची. ठाण्यात २०१३ च्या एप्रिलपासून जकातीच्या जागी एलबीटी आली. २०१५ साली बहुसंख्य व्यापाऱ्यांची एलबीटीही गेली आणि २०१७ साली जीएसटी आला. आता महापालिकेच्या हातात स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो घरपट्टीच. बाकी सरकारकडून येणाऱ्या अनुदानाची वाट पाहायची. ज्या कराकडे इतकी वर्षं कानाडोळा केला, त्याच्याच आधारावर आता शहर उभं आहे. मग तो आधार वाकडा असून कसं चालेल?

यावर एक उपाय अनेक शहरांनी केला आहे. शहराचे जागेप्रमाणे विभाग पाडायचे. प्रत्येक विभागाला चौरस मीटरमागे एक दर ठरवायचा. मग क्षेत्रफळ गुणिले दर, आणि त्यात बांधकामाचा प्रकार, वय, वापर यांचा हिशेब. निरीक्षकाच्या मर्जीवर काही नाही. नागरिक स्वतः कागदावर गुणाकार करून पाहू शकतो.

याची गाजलेली सुरुवात झाली पाटण्यात, १९९३ साली. तिथे रस्त्यांचे तीन वर्ग केले, प्रधान मुख्य रस्ता, मुख्य रस्ता आणि इतर. घर कुठल्या रस्त्यावर, बांधणी कशी, वापर कशासाठी, यावर मूल्य ठरलं. उच्च न्यायालयाने ही पद्धत रद्द केली, पण १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, मूल्यं वाढली तसा कराचा दर ४३.७५ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आणला. मोजपट्टी बदलली, तेव्हा टक्केवारीही खाली आली.

दिल्लीने एप्रिल २००४ पासून वसाहतींचे आठ वर्ग केले. सर्वांत वरच्या वर्गाला चौरस मीटरमागे ६३० रुपये वार्षिक मूल्य, सर्वांत खालच्याला १००. खालून दुसऱ्या वर्गाला २००. घराचं वयही धरलं. १९६० पूर्वीचं असेल तर मूल्य निम्मं, २००० नंतरचं असेल तर पूर्ण. आता माझी आणि लेकीची गोष्ट दिल्लीत नेऊन पाहा. दोन्ही घरं पन्नास मीटरची, पक्की, मालक स्वतः राहतात. जुनं घर वरच्या वर्गात असेल तर, १९६८ च्या घराचं मूल्य साठ टक्के धरून, ६३० गुणिले ५० गुणिले ०.६, म्हणजे १८,९००. नवं घर खालून दुसऱ्या वर्गात असेल तर २०० गुणिले ५०, म्हणजे १०,०००. जुनेपणाची सूट मिळूनही मोक्याच्या जागेचं घर पुढेच राहिलं. हा हिशेब मी लेकीला दाखवला. ती फक्त हसली.

कोलकात्याने २०१७ साली शहराचे २९३ गट पाडून सात वर्ग केले. तिथली एक गोष्ट मला फार आवडली. झोपडवस्ती कितीही महागड्या भागात असो, तिला सर्वांत खालचाच वर्ग. आणि नव्या पद्धतीमुळे कुणाचाही कर एकदम वीस टक्क्यांहून जास्त वाढू नये किंवा घटू नये, अशी मर्यादा.

आपल्या शेजारी मुंबईने २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्य धरलं. म्हणजे मुद्रांक विभागाच्या तक्त्यातला त्या जागेचा बाजारभाव घ्यायचा आणि त्यावर कर बसवायचा. जागेचं महत्त्व इथेही आलं, पण बाजाराच्या वाटेने. त्यातल्या काही नियमांवरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ साली निकाल लागला, त्याचं सार मला असं समजलं की, जमीन आज जशी आहे तशी मोजा. उद्या तिच्यावर किती मजले चढू शकतील ते धरून आज कर मागू नका.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. गंमत अशी की ठाणे काय, कल्याण-डोंबिवली काय, जागेप्रमाणे पाडलेले विभाग आपल्याकडे आहेतच! तुम्ही घर विकत घेता तेव्हा मुद्रांक शुल्क कशावर ठरतं? ज्याला आपण सगळे ‘रेडी रेकनर’ म्हणतो त्या तक्त्यावर. त्यात विभाग आहेत, उपविभाग आहेत, प्रत्येकाचा वेगळा दर आहे. नौपाड्याचा वेगळा, घोडबंदर रस्त्याचा वेगळा, दिव्याचा वेगळा. म्हणजे घर घेताना सरकार विचारतं, ‘कुठे आहे?’ आणि घरात राहायला गेल्यावर महापालिका विचारते, ‘कधी बांधलं?’ एकाच घराला दोन कचेऱ्यांच्या दोन मोजपट्ट्या.

मग तोच तक्ता उचलून घरपट्टीला लावावा का? मला वाटतं, जसाच्या तसा नको. बाजारभाव म्हणजे विकणाऱ्याचा हिशेब. राहणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. ज्याला घर विकायचंच नाही, त्याच्या भिंतींचा भाव वाढला म्हणून त्याच्या खिशात काय पडतं? जागेचा वर्ग ठरवताना शहराने त्या जागेला काय दिलं, हे पाहायला हवं. नळाला किती तास पाणी येतं? गटार आहे का? रस्त्यावरून रुग्णवाहिका आत येते का? स्टेशन, शाळा, रुग्णालय किती लांब?

आणि शहराने काय लादलं, हेही. ठाण्याचा कचरा कित्येक वर्षं दिव्यात पडत होता. कल्याणची आधारवाडीची कचराभूमी २०२१ साली बंद झाली, तोवर आसपासच्या लोकांनी तो वास आणि त्या आगींचा धूर पिढीभर सोसला. सगळ्या शहराचा उकिरडा ज्यांच्या खिडकीसमोर, त्यांना घरपट्टीत सूट नको? उलट घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहायला लागले आणि घरांच्या जाहिरातींत मेट्रो आधीच धावू लागली. तो भाव घरमालकाने घाम गाळून वाढवलेला नाही, बिल्डरनेही नाही. तो सार्वजनिक पैशाने वाढला. घर आपण बांधतो. पत्ता शहर बांधतं. मग पत्त्याच्या वाढलेल्या मोलातला थोडा वाटा शहराने मागितला तर तो अन्याय नाही. पण जिथे पत्त्याला शहराने काहीच दिलं नाही, तिथे भरपूर मागणं मात्र अन्याय आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या २७ गावांचं गाऱ्हाणं याच जातीचं आहे. ही गावं १९८३ साली महापालिकेत आली, २००२ साली बाहेर गेली, २०१५ साली पुन्हा आत आली. आत-बाहेरच्या या खेळात तिथल्या माणसाची तक्रार एकच राहिली, कर शहराचा आणि पाणी गावाचं. नव्याने आलेल्या भागात कर टप्प्याटप्प्याने वाढवावा, अशी तरतूद कायद्यात आहे. पण ते टप्पे मोजले जातात वर्षांनी. जलवाहिनी टाकली का, यावर नाही. विभाग जर सोयींवर ठरले असते, तर कर आणि नळ एकाच दिवशी दारात आले असते. मग भांडण उरलं असतं ते दराचं. करच नको असं म्हणण्याची वेळ आली नसती.

याच्याच जवळचा आणखी एक मुद्दा. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांची घरपट्टी पूर्ण माफ झाली. ठाण्यातही त्या वर्षी तेवढ्या घरांचा सामान्य कर माफ झाला. छोट्या घरात राहणाऱ्याला दिलासा मिळाला, याचा आनंद आहे. पण यातही जागेचा विचार नाही. समुद्रासमोरचं ४९० फुटांचं घर सुटतं आणि दूरच्या उपनगरातलं ५१० फुटांचं अडकतं. फुटपट्टीला क्षेत्रफळ दिसतं, पत्ता दिसत नाही.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल. माझ्या घरासमोर एक खाला राहतात. वय ऐंशीच्या घरात, शौहर जाऊन वीस वर्षं झाली, मुलगा आखातात होता तोही परत आला. दोन खोल्यांचं कौलारू घर, पण जागा अशी की बिल्डरचा माणूस महिन्याला एकदा जिना चढून येतो. मी माझी सगळी थिअरी त्यांना उत्साहाने सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘बेटा, स्टेशन जवळ आहे खरं. पण मी गेल्या दोन वर्षांत स्टेशनला गेले नाही.’’

या एका वाक्याने माझं गणित अडलं. जागा श्रीमंत आणि माणूस गरीब, हे आपल्या जुन्या वस्त्यांत घरोघरी आहे. पागडीची चाळ, वाडा, मोहल्ला, कोळीवाडा. सगळे मोक्याच्या जागी आणि सगळ्यांचे खिसे रिकामे. उद्या एका सहीने त्यांचा वर्ग वर नेला, तर कर भरता येत नाही म्हणून ते घर विकतील आणि लेकीच्या शेजारी राहायला जातील. म्हणजे नकाशा न्याय्य झाला आणि माणसं विस्थापित झाली.

यावरही वाटा आहेत. मुंबईने २०१० चा बदल करताना ५०० फुटांपर्यंतच्या घरांना पहिली पाच वर्षं वाढ नाही आणि मोठ्या घरांचा कर दुपटीच्या वर नाही, असं बंधन घातलं होतं. कोलकात्याची वीस टक्क्यांची मर्यादा मघाशी सांगितली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पंचावन्न वर्षांवरच्या घरमालकाला घरपट्टी पुढे ढकलता येते. ती घरावर कर्ज म्हणून साचते आणि घर विकलं जाईल तेव्हा वसूल होते. खालांसारख्यांना ही सोय किती योग्य आहे! शहराचा पैसा बुडत नाही आणि म्हातारपणी छप्परही जात नाही.

आणखी दोन धोके आहेत. एक, सीमारेषा. विभागाची रेघ रस्त्याच्या मधून गेली, तर अलीकडचा आणि पलीकडचा शेजारी एकाच रस्त्यावर राहून वेगवेगळा कर भरणार. म्हणून नकाशा कचेरीच्या कपाटात नको, प्रभागाच्या भिंतीवर हवा. लोकांना तो पाहता यावा, हरकत घेता यावी आणि हरकतीचं उत्तर लेखी मिळावं. बंगळुरूत घरमालक स्वतःच आपला विभाग लिहून कर भरत होते. वर्षांनंतर ‘तुम्ही चुकीचा विभाग लिहिला’ म्हणून हजारो लोकांच्या हातात फरकाच्या नोटिसा पडल्या. घोळ नकाशा समजण्यात, आणि भुर्दंड सामान्य माणसाला.

दुसरा धोका म्हणजे नकाशा शिळा होणं. इंग्लंडमध्ये घरांचे करवर्ग १९९१ च्या किमतींवर ठरवले. ते आजही तसेच आहेत. तेव्हाच्या ओसाड गोद्यांच्या जागी आलिशान वस्त्या झाल्या, तरी मोजपट्टी तीच. म्हणजे आपल्यासारखंच तिथेही साल जिंकलं आणि जागा हरली. विभाग पाडले की काम संपलं, असं नाही. ठरावीक वर्षांनी ते पुन्हा तपासले पाहिजेत, आणि जिथे सोय पोहोचली नाही तिथला वर्ग खाली आणण्याची हिंमतही पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाची अट. पद्धत बदलताना पहिल्या वर्षी शहराची एकूण मागणी वाढवू नये. ओझं तेवढंच ठेवून ते फक्त नीट वाटावं. सुधारणेच्या नावाखाली सगळ्यांचाच कर वाढला, तर लोकांचा विश्वास उडेल. मग पुढची चाळीस वर्षं कुणी या विषयाला हात लावणार नाही.

मला माहीत आहे, हे सगळं झालं तर माझं बिल वाढेल. मी कुरकुर करीन. इतकी वर्षं मिळालेली सवलत हक्कच वाटू लागते, त्यातून कवीही सुटत नाही. पण ती सवलत कुणाच्या पैशांतून आली हे आता मला कळलं आहे. माझ्या नळाच्या पाण्यात तिच्या टँकरचे पैसे मिसळलेले आहेत.

एक विनंती करून थांबतो. घरी गेल्यावर घरपट्टीचं बिल काढा. शेवटची रक्कम पाहून घडी घालू नका. त्यावर ‘करयोग्य मूल्य’ कुठे लिहिलंय ते शोधा. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या आपल्या एखाद्या नातेवाइकाचं बिल मागवा आणि दोन्ही शेजारी ठेवा. पुढच्या वर्षीचे कराचे दर महापालिका २० फेब्रुवारीच्या आत ठरवते. त्याआधी आपल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा, माझ्या लेकीने मला विचारला तो. मला उत्तर देता आलं नाही. बघा, त्यांना येतं का.